जांभई देणारा होतेई

जपानातल्या आसानो नदीच्या काठी ताझूचं जुन्या चित्रांचं दुकान होतं. वडिलांच्या मागे तिनेच ते सांभाळलं होतं. नवरा गेनकिची मागच्या खोलीत बसून फाटक्या चित्रांना पाठीमागून नवा कागद लावायचा, कापडी काठ बदलायचा, गुंडाळीला दांडा बसवायचा. हातात कसब होतं त्याच्या. पण दुपारचं जेवण पोटात गेलं की माणूस आडवा झालाच म्हणून समजा. मग त्याचं घोरणं रस्त्यापलीकडच्या मिसो विकणाऱ्या वाण्यालाही ऐकू जायचं.

उन्हाळा सरता सरता ताझू नोतोकडच्या एका जुन्या घराचा लिलाव बघून आली, ती बगलेत लांबोडी लाकडी पेटी घेऊनच.

"आता हे काय उचलून आणलंस?" गेनकिचीने खळ ढवळता ढवळता विचारलं.

"इकडे या आणि बघा तरी."

तिने कोनाड्यातल्या खुंटीला दोरी अडकवली आणि गुंडाळी हलके हलके खाली सोडली. कागद चहाच्या रंगाचा झाला होता, पण शाई अजून ओली वाटावी इतकी काळीभोर. पोट सुटलेला होतेई, सुखसमाधानाचा तो गलेलठ्ठ देव, आपल्या झोळीला टेकून बसलेला, मान मागे टाकलेली, आणि तोंड हे एवढं उघडं! देवमाणसाला जांभई आली होती. सबंध पोट एकाच फटकाऱ्यात काढलेलं, मिटलेल्या डोळ्यांच्या दोन बारीक रेघा, आणि तोंडाच्या जागी शाईचा भलामोठा डाग. सही नव्हतीच. कोपऱ्यात एक झिजलेला लाल शिक्का होता.

"वा!" म्हणायला गेनकिचीने तोंड उघडलं आणि 'वा' बाजूला राहून बाहेर पडली जांभई. ती बघून ताझूलाही आली. दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले.

"कुणाच्या हातचं असेल गं?"

"कोण जाणे. पण ज्याने काढलं त्याला झोप चांगली कळत होती."

"मग मागच्या जन्मी मीच काढलं असणार."

ताझूने ओळखीच्या संग्राहकांना फोन केले. सगळ्यांत आधी आले ते इसुरुगीसाहेब. निवृत्त न्यायाधीश. बसले तरी उभे असल्यासारखे ताठ. त्यांच्या संग्रहात बांबू होते, डोंगरकडे होते, बर्फातल्या फांद्या होत्या. सगळी कशी शिस्तीत वाढलेली चित्रं. साहेबांना हसताना पाहिलेलं माणूस गावात नव्हतं. त्यांची बायको होती तोवर निदान तिला विचारायची सोय होती, आता तीही राहिली नव्हती.

साहेब चटईवर गुडघे दुमडून बसले, रिवाजाप्रमाणे चित्रापुढे वाकले आणि मग नजर वर उचलली. क्षणभर काही झालं नाही. मग त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. गळ्याची घाटी वरखाली झाली. ओठ शिंपल्यासारखे घट्ट मिटलेलेच राहिले, पण दोन्ही डोळ्यांत पाणी तरारलं.

"गहिवरून आलं का, साहेब?" ताझूने अगदी गोड आवाजात विचारलं.

"धूळ आहे तुमच्या दुकानात," साहेब म्हणाले. मग घसा खाकरून, "तोंडाशी शाई पसरलीय. हात सैल वाटतो."

"जांभई देताना कुणी तोंड आवळून धरतं का, साहेब?"

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "निकाल राखून ठेवतो," एवढं बोलून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. त्यानंतरही येतच राहिले. यायचे, बसायचे, वाकायचे, नाकपुड्या फुलवायचे, डोळे पुसायचे आणि निकाल राखून ठेवून जायचे.

"हा माणूस चित्र बघायला येत नाही गं," गेनकिची म्हणाला, "कुस्ती खेळायला येतो."

"आणि रोज जिंकून जातो, म्हणून तर विकत घेत नाही. एकदा हरला की घेईल बघा."

होतेईची बातमी एव्हाना गावभर झाली होती. एके दिवशी जेवणं उरकून ताझू भांडी विसळत होती, तेवढ्यात दारातून हाक आली, "ताझू, तुझा तो जांभईवाला दाखव बाई. न्यायाधीशांना छळतोय म्हणे."

कायोआजी होत्या. तांदळाची दारू बनवणाऱ्या गावातल्या जुन्या साके-भट्टीच्या मालकीणबाई. चित्रांचा नाद खरा त्यांच्या नवऱ्याचा. वसंतात तो वारला आणि भट्टी मुलाकडे गेली, नाद मात्र आजींकडे आला.

"आजी, उतरल्यात हो तुम्ही," ताझू उशी पुढे सरकवत म्हणाली.

"झोप कुठाय? आयुष्यभर म्हाताऱ्याच्या घोरण्याला शिव्या दिल्या. आता घर कसं शांत शांत झालंय, तर मेला डोळ्याला डोळा लागत नाही. मुलगा म्हणतो डॉक्टरकडे चल. डॉक्टर गोळी देईल, पण…" आजींचं वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी चित्राकडे पाहिलं होतं. तोंडावर हात वगैरे धरायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. सोन्याचा मागचा दात दिसेपर्यंत त्यांनी जांभई दिली, पाठोपाठ दुसरी दिली, म्हणाल्या, "लबाड आहे हो हा!" आणि बसल्या जागी एका कुशीवर कलंडल्या.

ताझू हातातलं टाकून धावली. जवळ जाऊन बघते तो आजी गाढ झोपलेल्या. मागच्या खोलीत गेनकिचीचं भजन केव्हाच सुरू झालं होतं. ताझूने त्याचं कापसाचं जाकीट आणून आजींच्या अंगावर घातलं.

तेवढ्यात साहेब आले. ताझूने ओठांवर बोट ठेवलं. साहेबांनी झोपलेल्या आजींकडे पाहिलं, भुवया वर गेल्या, पण परत जाणं काही झालं नाही. ते चित्रासमोर आपल्या जागी बसले. ताझू चहा करायला आत गेली.

किटली चुलीवर ठेवते न ठेवते तोच बाहेरून 'कट्' असा आवाज आला. आणि मग, "आ… आ… आ…"

ती धावली. कुणी बघत नाहीसं पाहून साहेबांनी अखेर हार मानली होती. आणि इतक्या वर्षांची साठलेली जांभई एकदम बाहेर पडल्यावर दुसरं काय होणार? जबडा निखळला होता. साहेब तसेच ताठ बसलेले, तोंड वासलेलं, डोळ्यांतून धारा, आणि एक हात मदतीसाठी वर केलेला.

"अहो, उठा!" ताझू ओरडली. "हाडवैद्याला बोलवा! साहेबांचं तोंड मिटत नाहीये!"

त्या कालव्यात आधी जाग आली ती आजींना. त्यांनी डोळे चोळले. वर पाहिलं, तर होतेई आ वासून बसलेला. खाली पाहिलं, तर न्यायाधीश. पुन्हा वर पाहिलं. आणि मग त्या अशा हसत सुटल्या की गेनकिची झोपेतून उठून खळीच्या वाडग्यात पाय घालून बाहेर आला.

"वैद्य नको," आजी पोट धरून म्हणाल्या. "आमच्या मालकांचा हसताना असाच सुटायचा. दोन फडकी दे इकडे." त्यांनी अंगठ्यांना फडकी गुंडाळली आणि साहेबांसमोर गुडघ्यांवर उभ्या राहिल्या. "हलायचं नाही. आणि मला चावलात ना, तर तुम्हालाच कोर्टात खेचीन."

साहेब हलले नाहीत. आजींनी अंगठे मागच्या दाढांवर टेकवले, खाली दाबलं, मागे ढकललं. कट्!

साहेबांनी जबडा चाचपला. मग ते हळूच म्हणाले, "ताझूबाई, चित्र मी घेतो."

"थांबा थांबा," आजी म्हणाल्या. "मलाही हवंय ते. वसंतापासून पहिल्यांदा झोपले मी आज."

"मी आधी आलो होतो."

"आलात, पण निकाल राखून ठेवलात. आम्ही काय तोवर जागत बसायचं?"

दोन गिऱ्हाइकं, दोन्ही पैशाने भक्कम आणि दोन्ही हट्टी. दुकानदाराला आणखी काय हवं? ताझूने दोघांना गोड बोलून वाटेला लावलं आणि मनातल्या मनात मांडे खायला बसली. पण दुपारपासून एक गोष्ट तिला टोचत होती. आजी झोपल्या त्या चित्रामुळे, की…

दुसऱ्या दिवशी जेवण होताच तिने गेनकिचीला कागद आणायला पिटाळलं. तो कुरकुरत गेला. आजी आल्या, चित्रासमोर बसल्या, जांभयांवर जांभया दिल्या. डोळे लाल झाले, नाक गळायला लागलं, पण झोप काही येईना.

"आज काय झालंय गं याला?" आजी वैतागल्या.

सांगावं, तर एक गिऱ्हाईक हातचं जाणार. न सांगावं, तर ही म्हातारी चित्र घरी नेऊन त्याच्यापुढे टक्क जागी बसणार. ताझू आजींच्या शेजारी येऊन बसली.

"आजी, तुम्हाला चित्राने नव्हतं झोपवलं."

"मग कुणी?"

"आमच्या ह्यांनी. काल मागे घोरत होते."

आजींनी नाक पुसलं. मग म्हणाल्या, "मग त्यालाच विकत दे मला."

"केव्हाच विकला असता. गिऱ्हाईकच मिळालं नाही."

दोघी हसल्या. हसता हसता आजी मागच्या रिकाम्या खोलीकडे बघू लागल्या. "म्हाताऱ्याने सगळं मागे ठेवलं गं. भट्टी, चित्रं, जुनी छत्री. हे घोरणं तेवढं बरोबर घेऊन गेला." त्यांनी डोळे टिपले. "जांभईचं पाणी आहे हे, कळलं?"

"कळलं," ताझू म्हणाली. "आजी, दुपारची ही चटई तुमची. हवं तेव्हा या. ह्यांना काही सांगायचं नाही, नाहीतर लाजून बंद व्हायचे."

तसं झालं. आजी बऱ्याचदा दुपारी येऊन पडायच्या आणि उठून जाताना साकेची बाटली ठेवून जायच्या. गेनकिचीला वाटायचं, आपल्या कामाचं कौतुक आहे म्हातारीला.

चित्र साहेबांकडे गेलं. काठाला त्यांना रुपेरी जरीचं कापड हवं होतं. एरवी कुणाला उलटून न बोलणारा गेनकिची तिथे अडला. "साहेब, जरी घातलीत तर तो दचकून तोंड मिटेल." शेवटी मातकट रंगाचा साधा ताग लागला.

पानं लाल झाली तेव्हा साहेबांनी घरी चहाची बैठक ठेवली. गावातले सगळे मोठे संग्राहक, ताझू आणि अर्थात आजी. होतेई कोनाड्यात आणि समोर ओळीने बसलेली गंभीर मंडळी. एकेकाच्या नाकपुड्या फुलायला लागल्या. कुणी पंख्याआड तोंड लपवलं, कुणी उगीच खोकलं. यजमान पाहुण्यांसारखेच ताठ बसले होते. अचानक त्यांनी डावा हात जबड्याला लावला, खालून नीट आधार दिला, आणि सगळ्यांच्या देखत भलीमोठी, आवाजासकट जांभई दिली. मग काय! ओळच्या ओळ जांभया द्यायला लागली. वाट्या घेऊन आलेली मोलकरीणही दारातच आ वासून थांबली.

आणि साहेब हसले. फार नाही, खांदे हलण्याइतकंच. पण ताझूने पाहिलं, आजींनीही पाहिलं.

"ताझूबाई," चहा झाल्यावर साहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले, "याच चित्रकाराचा शिंकणारा कुणी सापडला, तर कृपा करा, मला दाखवू नका."

"मला दाखव," मागून आजी म्हणाल्या.

साहेबांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि आजी कोणत्या दिवशी दुकानात जातात ते ताझूला विचारून घेतलं.