धुराड्याची झडप

तेलाच्या नव्या बर्नरची ज्योत दुसऱ्यांदा विझली, तसा जावई घाम पुसत बॉयलरपुढे मटकन बसला.

"काही कळत नाही, मामा. तेल बरोबर आहे, नोझल साफ आहे."

"कंपनीनं शिकवून पाठवलंय ना, जावईबापू? मग आम्हा काळतोंड्यांना कशाला विचारता?"

सासरा कोळशाच्या उरलेल्या ढिगावर फावडं घेऊन बसला होता. गिरणीचा हा आगवाला म्हणजे अस्सल कसबी माणूस. बत्तीस वर्षांत त्याच्या पाळीत बॉयलर एकदाही विझला नव्हता. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून तो वाफ किती चढली ते सांगायचा.

दारातून मालक म्हणाले, "आता शेवटचं. नाही पेटलं तर हे धूड परत न्या. आपला कोळसाच बरा."

आगवाल्याने मान खाली घातली. कोळशाच्या खाणीची बाकीची गिऱ्हाइकं केव्हाच तेलावर गेली होती. या एका गिरणीच्या जिवावर खाण कशीबशी तग धरून होती. आणि खाणीत त्याचा धाकटा भाऊ होता. त्याने करायचं काहीच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं.

जावयाने पुन्हा बर्नर पेटवला. धुराडं घुमू लागलं. ज्योत लांबली आणि बुडापासून सुटू लागली.

एरवी कण्हत उठणारा आगवाला ढिगावरून झरकन उतरला. त्याने भिंतीवरची साखळी ओढून धुराड्याची झडप निम्मी लावली. घुमणं थांबलं. ज्योत ठाम उभी राहिली.

"कोळशाला वाऱ्याची ओढ लागते, तेलाला एवढी नको. सकाळी सवयीनं मीच सताड उघडली होती."

मालकांनी जावयाची पाठ थोपटली.

"माझी नको, मामांची थोपटा," तो म्हणाला.

मालक गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "तुमच्या लक्षात कधी आलं?"

"पहिल्यांदा विझली तेव्हाच."

"मग आता का सांगितलंत?"

"दोनदा कसंबसं बघवलं. तिसऱ्यांदा डोळ्यांदेखत आग मरायला लागली, तसा हात स्वस्थ बसेना."

त्याने फावडं पुसून भिंतीला टेकवलं आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात?"

"खाणीवर. माझ्या हातून झालंय, तर धाकट्याला माझ्याच तोंडून कळू दे."