पन्नास हजार फुटांवरची चीर

मित्रांनो, मी लढाऊ विमानाच्या वैमानिकाचा रबरी मुखवटा आहे. जुना, आणि आता बदनामही. नाकातोंडावर घट्ट बसायचे आणि नळीतून येणारा प्राणवायू बाहेर सांडू द्यायचा नाही, एवढाच माझा धंदा.

साच्यातून माझ्यासारखे शंभर निघाले. पण मुखवट्याचा खरा जन्म चेहऱ्यावर होतो. माझ्या वाट्याला आलेल्या माणसाला सगळे ‘गोगलगाय’ म्हणत. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारा हा गृहस्थ जेवायला मात्र तास लावी. अकरा वर्षांत मी त्याच्या गालांशी इतका जुळलो की घरी गेल्यावरही माझा वळ त्याच्या तोंडावर दिसे. बायको म्हणे, “आज माझी सवत फारच चिकटलेली दिसते!”

आम्ही खूप पाहिले. पन्नास हजार फुटांवर भर दुपारी आभाळ काळेनिळे होते. बाहेर रक्त गोठवणारी थंडी असते. वेगाचे म्हणाल, तर आत बसल्यावर विमान जागीच उभे आहे असे वाटते. वेग फक्त काटा सांगतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. त्या उंचीवर आतला हवेचा दाब माणसाला पुरत नाही. उरलेले काम माझे.

घामाने आणि वर्षांनी माझे रबर कडक झाले. हनुवटीपाशी बारीकशी चीर पडली. वैमानिकांची साधने तपासणाऱ्या काकांनी ती बोटानेच ओळखली.

“साहेब, याचं आयुष्य संपलं. नवा घ्या.”

“नवा गालाला बसायला आठवडा जाईल, काका. उद्या उंचीचं उड्डाण आहे. आठवडाभर घरी बसून काय करू, भाजी निवडू?”

“निवडा की. भाजी निवडून कोणी मेल्याचं ऐकलं नाही अजून.”

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. नळी यंत्राला जोडायची, श्वास रोखायचा आणि काटा जागेवर राहतो का ते पाहायचे; हलला, तर मुखवटा गळतो. माझ्या माणसाने दोन बोटांनी मला हनुवटीवर, नेमके चिरेपाशी, दाबून धरले. काटा हलला नाही.

“हात काढा, साहेब.”

“काका, तुम्ही काटा बघायचा की हात?”

दाराशी त्याचा जोडीदार, बरोबर उडणाऱ्या दुसऱ्या विमानाचा वैमानिक, उभा होता. “अरे गोगलगाय, आवर!” काकांनी काट्याकडे पाहिले आणि सही केली.

मित्रांनो, विमानात दोन्ही हातांना काम असते. वर गेल्यावर माझ्यासाठी दोन बोटे उरली नाहीत. चीर उघडली. मी जीव खाऊन गालाला चिकटलो, पण प्राणवायू निसटतच राहिला. तो कमी पडला की माणूस घाबरत नाही, उलट खुलतो. माझा माणूस गुणगुणू लागला.

“उंची सांग,” जोडीदाराचा आवाज आला.

“उंच आहे... फार उंच.” तो हसला.

“खाली ये! ऐकतोयस ना? नाक खाली कर!”

“अरे, एवढी घाई कसली?”

त्यानंतर त्याच्या हाताची पकड सुटली. विमानाचे नाक आपोआपच खाली झाले, आणि पुन्हा वर आले नाही.

विमानाचे तुकडे एका माळावर सापडले. रबर चिवट, म्हणून मीही सापडलो. चौकशी समितीने लिहिले, ‘मुखवट्यात दोष.’ खोटे कसे म्हणू? काकांनी मात्र दोन बोटांची हकीकत सांगितली आणि स्वतःच्या सहीखाली स्वतःची चूक लिहून दिली.

त्याची बायको सामान न्यायला आली. तिने काकांना एकच विचारले, “त्रास झाला का हो त्यांना?”

“नाही, ताई. हसत होते.”

हे खरे होते. ती तिथेच खाली बसली.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. माझे मागणे उलटे आहे. आमच्यावर माया करू नका. चीर पडली की आम्हाला टाकून द्या. आम्ही रुसत नाही, रडत नाही. आमची वाट पाहणारे घरी कोणी नसते.