मातीसकट आणलेली अळंबी

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. तुमच्या अंगठ्याएवढे, पितळी कवचात दुमडून बसणारे. कारखान्यात माझी काच घासली गेली, तेव्हा वाटले होते, एखाद्या घड्याळजीच्या टेबलावर सुखात आयुष्य काढीन. पण मला घेतले विद्यापीठात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी. त्यांनी माझ्या कडीत दोरी ओवली आणि मला गळ्यात घातले. तेव्हापासून चिखल, पाऊस, काटेकुटे काही चुकले नाही.

बाईंचा विषय अफाट होता. वनस्पती, बुरशी, प्राणी, सगळ्यांची विविधता. एकाच सकाळी मी शेवाळाची पाने पाहायचे, पावावरची बुरशी पाहायचे आणि मुंगीच्या मिशाही. नवी मुले मला हात लांब करून धरायची. बाई म्हणायच्या, "अरे, भिंग डोळ्याशी आणि वस्तू भिंगाशी. लांबून सगळं सारखंच दिसतं."

त्यांच्या वर्गात एक मुलगा होता. झाड दिसले की नाव, किडा दिसला की नाव, धडाधड सांगायचा. म्हणून मुले त्याला नावाडी म्हणायची. आईवडील नव्हते. मोठ्या बहिणीने, ताईने, शिवणकाम करून त्याला वाढवले होते. घरी गेला की तो तिला दिवसभराचे सगळे सांगायचा आणि ती मशीन थांबवून ऐकायची.

एकदा वर्ग रानात गेला. दुसऱ्या दिवशी नावाडी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आला तो हसतच, हातात कागदाची पुडी घेऊन. "बाई, रानातली अळंबी. एक तुमच्यासाठी राखून ठेवली होती. मी नाव ओळखलंय, तुम्ही फक्त हो म्हणा."

बाईंनी मला डोळ्याशी नेले. टोपीखालच्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र होत्या. दांड्याला पातळ कडे होते. मग त्यांनी बुंध्याची माती नखाने हळूच झाडली. खाली एक फाटकी वाटी दिसली, दांडा जणू तिच्यातूनच उगवला होता. बाईंनी पुडी मिटली आणि वर पाहिले.

"ही कुणी खाल्ली का?"

"ताईनं. परवा रात्री मीच करून घातली. मी मित्राकडे जेवून आलो होतो, सगळी तिलाच वाढली." मग तो घाईने म्हणाला, "काल तिला खूप उलट्या झाल्या, पण आज बरी आहे. मशीनवर बसलीसुद्धा!"

"बरी वाटते आहे, तेच वाईट," बाई म्हणाल्या. "हे विष मधे दम खातं आणि मग यकृत धरतं. ऊठ, आत्ताच्या आत्ता."

बाई धावल्या. मी त्यांच्या छातीवर आपटत होते. रिक्षा, घर, मग दवाखाना. ताई वाटेत म्हणत होती, "अहो, मला काही झालं नाही, गिऱ्हाईक यायचंय." डॉक्टरांनी पुडीतली अळंबी पाहिली, रक्त तपासले आणि तिला लगेच आत नेले. संध्याकाळी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. नंतरचे काही दिवस कसे गेले, ते त्या दाराबाहेर बसलेल्यांनाच ठाऊक. पण उपचार वेळेत सुरू झाले होते. ताई वाचली.

नावाडी मात्र वर्गात येईना. शेवटी बाई त्याच्या घरी गेल्या. ताई अंथरुणावर बसली होती.

"बाई, याला घेऊन जा हो," ती म्हणाली. "दिवसभर उशाशी तोंड पाडून बसतो. आजारी मी आहे की हा?"

"मला काही येत नाही," तो पुटपुटला. "नाव सांगितलं आणि ताईच्या जिवावर उठलो. मी शिक्षण सोडतोय."

बाईंनी आवाज चढवला नाही. "ती अळंबी तू बुंध्यासकट, मातीसकट आणलीस. नुसती टोपी आणली असतीस तर मीही खात्रीनं ओळखली नसती. बुंधा आणायला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच."

"मग निम्मं शिकलायस. उरलेलं निम्मं शिकायला ये."

तो बराच वेळ रडला. ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा. तू घाबरून पळालास तर माझ्या उलट्या फुकट गेल्या म्हणायचं."

तो परतला. पुढे त्याने अळंब्यांचाच अभ्यास केला. नाव सांगण्याची घाई मात्र संपली. "अजून माहीत नाही, पाहू या," हे शब्द त्याच्या तोंडी बसले. एकदा ताई प्रयोगशाळेत आली आणि म्हणाली, "दाखव तरी, मी काय खाल्लं होतं." त्याने बरणीतली तसली अळंबी काढून माझ्याखाली धरली. ती पाहतच राहिली. "अगं बाई, किती देखणी आहे रे!"

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. माझ्या काचेचा एक कोपरा उडाला आहे आणि मी कपाटात पडून असते. मुले खिशातून फोन काढतात, फोटो घेतात, फोन नाव सांगतो आणि ती पुढे जातात. माझा त्यांच्यावर राग नाही. फोन माझ्यापेक्षा हुशार असेल. पण मित्रांनो, नाव कळले म्हणजे ओळख झाली असे नाही. माझी काच मऊ कापडाने पुसा, वाकून बसा आणि मुळाची माती झाडून पाहा. आणि तुमच्यातला कुणी चुकला, तर त्यालाही असेच पाहा, लांबून नव्हे.