त्र्यंबकच्या गल्लीतला मठ

कोपरीच्या दोन खोल्यांत श्रीपाद, त्याची बायको मंदाकिनी आणि आत्या अशी तीन माणसं राहत. आत्या म्हणजे श्रीपादच्या वडिलांच्या बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालं, भावाकडे आल्या आणि चुलीपुढेच म्हाताऱ्या झाल्या. श्रीपादची आई बाळंतपणात गेली, तेव्हा त्याला वाढवलं तेही त्यांनीच. आता त्यांना लघवीचा ताबा राहिला नव्हता. रोज सकाळी मंदाकिनी नाकाला पदर लावून ओली गोधडी उचलायची आणि मोरीत नेऊन आपटायची. तिला किळस यायची, आणि ती ते लपवतही नसे.

म्हणून नाताळच्या सुट्टीत श्रीपाद म्हणाला, "आत्याला नाशिकला नेऊ. आजूबाजूचं सगळं दाखवू," तेव्हा तिला नवलच वाटलं. आत्या तर हरखून गेल्या. कल्याणला गाडी बदलेपर्यंत त्यांनी डब्यातल्या चार बायकांना सांगून टाकलं की भाचा यात्रेला नेतोय.

पंचवटीत उपाध्यांकडे उतरून रोज एक ठिकाण करायचं ठरलं. पहिल्या दिवशी पांडवलेणी. पायऱ्या बघून आत्या खालीच बसल्या, तर श्रीपादनं त्यांना पाठुंगळी घेतलं आणि धापा टाकत वर नेलं. येणारेजाणारे कौतुकानं बघत होते. एक बाई मंदाकिनीला म्हणाली, "नशीब काढलंत हो, असा नवरा मिळाला." दुसऱ्या दिवशी टांग्यानं सोमेश्वरचा धबधबा. आत्या पाण्यात पाय सोडून बसल्या आणि श्रीपादनं आणलेली गरम भजी बोळक्या तोंडानं चघळत राहिल्या. मंदाकिनीला आपलीच लाज वाटली. एवढी माया आपल्याला का नाही जमत, असं तिच्या मनात आलं.

तिसऱ्या दिवशी एसटीनं ते त्र्यंबकला गेले. कुशावर्तात कुजकी फुलं आणि भाताची शितं तरंगत होती. आत्यांनी तेच पाणी डोळ्यांना लावलं. दर्शन झाल्यावर श्रीपादनं दोघींना मागच्या गल्लीतल्या एका मठात नेलं. जानवं खाजवत एक कारभारी बाहेर आला.

"हीच ना ती?" त्यानं लाल आलवणातल्या आत्यांना बाजारातल्या म्हशीसारखं न्याहाळलं. "अंथरूण घाण करते म्हणाला होतात. मग गोठ्यालगतची खोली देऊ."

मंदाकिनीनं त्या खोलीत डोकावलं. गोणपाटांवर तीन म्हाताऱ्या पडल्या होत्या. एकीच्या भातावर माश्या घोंगावत होत्या आणि ती त्यांच्यासकट घास उचलत होती.

"आत्या, तू जरा टेक इथे," श्रीपाद गोड आवाजात म्हणाला. "आम्ही बाजारातून येतो."

आत्या निमूटपणे ओट्यावर बसल्या. त्यांना कमी ऐकू यायचं; कारभाऱ्याचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तो म्हणाला, "आता एसटी गाठू. सांगत बसलो तर रडारड होईल."

"म्हणजे तुम्ही आधीच ठरवलं होतंत? मग ते पाठुंगळी घेणं, ती भजी?"

"शेवटची हौस केली तिची. पुण्यच लागेल आपल्याला." त्यानं प्रसादाच्या पुड्यातला पेढा तोंडात टाकला. "आणि हे कुणासाठी करतोय मी? रोज सकाळी नाक कोण धरतं?"

ते खरंच होतं. तो पेढा चघळत होता, ओठाच्या कोपऱ्यात खवा लागला होता. त्याच बोटांनी त्यानं दुसरा पेढा तिच्यापुढे धरला. एवढी शिसारी तिला ओल्या गोधडीची कधी आली नव्हती. ती गटाराशी वाकली आणि भडभडून ओकली.

तोंड पुसून ती मागे वळली. श्रीपाद हाका मारत राहिला, पण ती थांबली नाही.

आत्या ओट्यावर अंग चोरून बसल्या होत्या. "सूनबाई, लुगडं ओलं झालं गं. श्रीपादला सांगू नकोस. एवढ्या हौसेनं आणलंय त्यानं."

"उठा. घरी जायचंय," मंदाकिनी म्हणाली. तो उग्र वास नाकात शिरला, पुन्हा मळमळलं. तरी आत्यांच्या काखेत हात घालून तिनं त्यांना उठवलं.

परतीच्या वाटेवर श्रीपाद एसटीत पुढे बसला होता. कोपरीत त्यानं सगळ्यांना सांगितलं, आत्याला कशी पाठुंगळी घेऊन लेणी दाखवली ते.

आत्या पुढे दोन पावसाळे जगल्या. गोधड्यांची सवय मंदाकिनीला झाली नाही. धुताना ती रोज चिडायची, कधी आत्यांवर खेकसायची आणि मग कोरडं लुगडं नेसवायची. आत्या गेल्यावर श्रीपाद हमसून रडला. अस्थी नाशिकला न्यायच्या, त्र्यंबकलाही जाऊन येऊ, असं तो म्हणाला.

"तुम्ही जा," मंदाकिनी म्हणाली. तिनं त्याचं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्याचं जेवण होईपर्यंत दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.