नानाजीची किल्ली

सुकळीचा गड म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. दोन बुरूज, एक टाकं आणि मागची पडलेली भिंत, एवढ्यालाच लोक गड म्हणत. मालेगावच्या बाजाराला जाणारे खालूनच बोट दाखवत आणि पुढे चालू लागत. पण गडाला दार होतं, सागवानी, लोखंडी खिळ्यांचं. त्या दाराच्या आत नानाजी राहत होता, एकटा.

दाराची रीत जुनी होती. गडाचा धनी बदलला की नव्या धन्यानं पायी चढून यायचं आणि बंद दारावर थाप मारायची. आतून नानाजीच्या घराण्यातल्या माणसानं विचारायचं, "कोन?" धन्यानं आपलं नावगाव सांगायचं, मग अडसर निघायचा. धन्याच्या तोंडात गुळाचा खडा आणि हातात किल्ली द्यायची. धनी पहिला हुकूम सोडायचा आणि किल्ली परत त्याच हातात ठेवायचा. किल्ली खुंटीला टांगायची नाही, जमिनीवर ठेवायची नाही. घेणारा येईपर्यंत गडावरचं घर सोडायचं नाही.

नानाजीच्या आज्याचा आजा सांगे म्हणे, की निजामाच्या किल्लेदारानं आत पाऊल टाकताच घोड्यांसाठी पागा बांधायला लावली. भोसल्यांचा सरदार आला, त्यानं पागेत ज्वारी भरली. इंग्रज साहेबानं ज्वारी काढून कैदी कोंडले. गुळाचा खडा त्यानं थुंकून टाकला, हे नानाजीच्या घरात अजून कोणी विसरलं नव्हतं. मग गड दौलतरावांच्या घराण्याकडे आला. दौलतरावांनी कैद्यांच्या कोठड्यांत कापूस रचला. त्यांना 'कोन' विचारलं ते खुद्द नानाजीनं. तोवरच्या आयुष्यात एवढं एकदाच त्यानं दार रीतीनं उघडलं.

नव्या राज्यात जहागिऱ्या गेल्या. दौलतराव कापूस घेऊन कारंज्याला गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. आता गड सरकारचा, असं खाली चावडीवर कळलं. सरकार गड मोजायला यायचं होतं त्या दिवशी नानाजीनं पहाटेच अंघोळ केली, पागोटं बांधलं, गूळ काढून ठेवला आणि अडसर घालून दाराआड बसला. ऊन उतरलं तरी थाप पडली नाही. संध्याकाळी तो टाक्यावर पाण्याला गेला, तर मागच्या बुरुजावर चुन्यानं ओला आकडा लिहिलेला. सरकार पडक्या भिंतीतून आलं होतं आणि तिकडूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो किल्ली घेऊन पटवाऱ्याकडे गेला. पटवारी वाईट माणूस नव्हता, पण हसला.

"सरकारले किल्ली कायले लागते, नानाजी? भिंत तर पडूनच राह्यली. ठेव तिथं खुंटीवर."

नानाजीनं किल्ली परत कमरेला खोवली आणि गड चढला.

बायको गेल्यापासून गडावर दुसरं माणूस नव्हतं. दूरच्या केनवडला दिलेली लेक, तुळसा, सणासुदीला भाकरी बांधून यायची. तीही पडक्या भिंतीतूनच यायची, चार पावलं कमी पडतात म्हणून. "बाबा, घरी चाला," म्हणायची. हा म्हणायचा, "किल्ली कोनाच्या हाती देऊ?" शिवाय लेकीच्या दारी बापानं राहू नये, हेही होतंच. ती रडून परत जायची. मग वाऱ्यानं दार करकरलं की नानाजी विचारायचा, "कोन?" शेळी अंग घासायची, तेव्हाही विचारायचा. उत्तर येत नाही हे ठाऊक असून विचारायचा. माणसाला निदान स्वतःचा आवाज तरी ऐकू यावा लागतो.

दिवाळी होऊन गेली होती. नानाजी दोन दिवस तापानं पडून होता. तिसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. हातानं मारलेली, सरळ, दोनदा. म्हातारा धडपडत उठला, पागोटं कसंबसं गुंडाळलं.

"कोन?"

"तुळसा. नानाजीची लेक, जगदेवची बायको, केनवडची. गड घ्याले आली."

नानाजीला राग आला. "रीतीची चेष्टा करू नको, पोरी. भिंतीतून ये."

"भिंतीतून नाही येत. दौलतरावले नाही पाहिजे, सरकारले नाही पाहिजे. मले पाहिजे. काहून, माह्या हाताले किल्ली जड होते का?"

नानाजीनं अडसरावर हात ठेवला. रीत सांगताना त्याच्या बापानं धनी मोठा असावा, पुरुष असावा, असं कुठं सांगितलं होतं? यावं, थाप मारावी आणि नाव सांगावं, एवढंच सांगितलं होतं. नानाजीनं अडसर ओढला. दोनदा ओढावा लागला. सरकारसाठी काढलेला गूळ मुंग्यांनी अर्धा नेला होता. उरलेला झटकून त्यानं लेकीच्या तोंडात घातला आणि वाकून किल्ली तिच्या हातात दिली. मग हात तसाच पुढे धरून उभा राहिला. धनी किल्ली परत देतो ना.

तुळसानं ती पदराच्या गाठीत बांधली.

"माहा हुकूम," ती म्हणाली. "दार उघडं ठेवायचं. आन् तुमी घरी यायचं."

आजवर त्याच्या घराण्यात कोणी धन्याचा शब्द मोडला नव्हता. नानाजीनं घोंगडी उचलली. गडाखाली जगदेवनं पाठवलेली बैलगाडी उभी होती. म्हातारा वाटभर रिकामी मूठ मिटत-उघडत होता.

दिवेलागणीला केनवड आलं. तुळसा गाडीवानासंगं बैल सोडायला गोठ्याकडे वळली. नानाजी एकटाच घराशी पोचला. दार लोटलेलं होतं. दाराच्या या बाजूला उभं राहायची त्याला सवय नव्हती. थाप मारावी की हाक द्यावी, ते त्याला सुचेना. शेवटी त्यानं दोन बोटांनी फळी वाजवली.

"कोन?" आतून जावयाचा आवाज आला.

जन्मभर त्यानं विचारलेला हा शब्द त्याला कोणी विचारला नव्हता. गडाचा म्हणून सांगावं, तर गड आता त्याचा नव्हता.

"तुळसाचा बाप," नानाजी म्हणाला.