नदीकाठची जागा

लेकीचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून तिच्या मामाने टॅबवर शेतीचा खेळ घालून दिला. सुरुवातीलाच शेतासाठी जागा निवडायची होती, आणि एकदा निवडली की बदलता येत नव्हती. मी पलंगावर तिच्याशेजारी बसले.

"नदीकाठी घेते," ती म्हणाली.

"पूर आला तर?"

"मग टेकडीवर."

"पाय घसरेल."

"जंगलाजवळ?"

"तिथे जनावरं असतील."

कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, शेत बघतेस की पोरीला स्थळ बघतेस? सगळ्यातच खोट काढतेस ती."

मी हसले. लेक हसली नाही. खेळातल्या दुकानाला चिकटून एक तुकडा होता, जेमतेम चार वाफे मावतील एवढा. त्यावर बोट दाखवून ती म्हणाली, "हाच घेऊ. इथे काही होणार नाही."

सूर थेट माझा होता. तोही सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडी.

"तुला नदीकाठच हवा होता ना? तोच घे," मी म्हणाले.

"आणि मी नदीत पडले तर?"

"भिजशील. मग बाहेर येशील आणि कपडे बदलशील."

मी खरं बोलतेय का, हे तिने माझ्या चेहऱ्यावर नीट तपासलं आणि नदीकाठावर बोट ठेवलं. 'नक्की?' असं टॅबने विचारलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, आणि 'हो' तिने स्वतःच दाबलं.