रांगेबाहेरचं सहावं छिद्र

काजळी लागलेली बोटं. द्वारकेचा सिग्नल. नव्या भाताचा वास. लाकडात भरायची लांबी. तापून लाल झालेली सळई.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांचे कुणी लागत नाहीत असं वाटेल. पण ते सगळे माझ्याच अंगावरून गेले आहेत. मी वेळूचा एक जुना पावा आहे. आणि मी संतापलो आहे. गोड कहाणी हवी असेल तर दुसऱ्या वाद्याकडे जा.

इगतपुरीच्या डोंगराखाली भागीबाईंनी मला नवऱ्यासाठी घडवलं. त्या नवऱ्याने, पुंजाबाबांनी, बोटं काजळीत बुडवून मला धरलं. ठसे उमटले तिथे बाईंनी सळईनं छिद्रं पाडली. पाच सरळ रांगेत. सहावं रांगेबाहेर, करंगळीखाली. कारण बाबांच्या उजव्या हाताला अनामिका नाही.

आमच्या पाड्यावर नवा भात शिजला की आधी मी वाजतो, मगच पहिला घास. इतकी वर्षं असंच.

यंदा मला चीर गेली. एवढंच. लेक योगिनीने मला नाशिकला नेलं, द्वारका चौकाजवळच्या जुन्या वाद्यांच्या दुकानात. सोमनाथशेठांनी भिंग लावलं.

"चीर किरकोळ आहे, मेणाने बसेल. फुंकायची जागा झिजलीय, म्हणजे भरपूर वाजलाय. वेळू पक्का. ताई, वस्तू मोलाची आहे! फक्त करणारा कच्चा होता. हे शेवटचं छिद्र बघा, कुठल्या कुठे गेलंय."

"ते आईनं मुद्दाम..."

"असू द्या हो, चुकतं माणूस! सरळ करून देतो. मोल वाढेल."

योगिनी मला तिथेच ठेवून निघाली. तिचाही मला राग आहे.

शेठांनी माझ्या सहाव्या छिद्रात लांबी भरली. घासली. रांगेत नवं छिद्र. वर पॉलिश. मी चमकतो. थू!

घरी बाबांनी मला ओठाला लावलं. करंगळी सवयीने आपल्या जागेवर गेली. जागा नव्हती. नव्या छिद्रातून वारा भसाभसा निघून गेला.

"लय देखना झालाय," बाबा म्हणाले. "पर ह्यो माझा नाय."

भागीबाई कडाडल्या, "त्या शेठला म्हनावं, आधी माझ्या नवऱ्याचं बोट आनून दे, मंग पावा सरळ कर! योगिने, तोंड काय बघती? चूल पेटव. उद्या नवं खायचं हाय."

त्यांनी नव्या छिद्रात मेण कोंबलं. सळई निखाऱ्यात सरकवली. आता त्यांना धूसर दिसतं. सळई जरा घसरली तर मी उभा तडकेन, कायमचा. बाबांनी करंगळी काजळीत बुडवली.

मित्रांनो, जुन्या वस्तूत चूक दिसली, तर ती कुणाच्या हाताला बरोबर बसते ते आधी विचारा. विचारायचं नसेल तर हात मागे घ्या. माझ्या अंगावरून हात मागे घ्या!

बाबांचं बोट भाताच्या गिरणीत गेलं, तेव्हा मी अजून वेळूच्या बेटात उभा होतो, हिरवा.